छत्तीस आणि त्रेसष्ट

मी नागपुरात पहिली पास होऊन अमेरिकेत आलो. त्या पहिलीच्या वर्गातून बरोबर आणलेली एकच गोष्ट माझ्यापाशी अजून शाबूत आहे, ती म्हणजे मराठी आकडे. भाज्यांची नावं विसरलो, मावशी-आत्यांचे चेहरे पुसट झाले, भांडताना मधेच इंग्रजी घुसायला लागलं. आकडे मात्र मिशिगनच्या थंडीतही मराठीच राहिले. याला जबाबदार बाबा. ते ॲन आर्बरला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत इंजिनियर होते, आणि आम्ही राहायचो तिथून अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात, कारण तिथं घराला अंगण होतं आणि अंगणाशिवायचं घर बाबांना लॉज वाटायचं. रोज सकाळी शाळेची पिवळी बस येण्याआधी मी स्वयंपाकघरात उभा राहून पाढे म्हणत असे. तळघरातली हीटरची भट्टी धडधडत सुरू व्हायची, आई न्याहारीच्या डब्यातल्या गव्हाच्या भरडीचा उपमा हलवत असायची, आणि बाबा दाढी करता करता मोरीतून, म्हणजे बाथरूममधून, ओरडायचे, "एकोणीस सत्ते किती? पुन्हा म्हण!" बस ड्रायव्हरबाई हॉर्न वाजवायच्या, पण एकोणीस दाहे झाल्याशिवाय सुटका नसे.

आता माझी साठी उलटली आहे. आयुष्यभर मी पूल बांधले, आणि पुलाचे खांब मनात मोजले ते मराठीतच. कुणाला दोन आकडी संख्या तोंडी सांगायची वेळ आली की मी थांबतो आणि कागदावर लिहून दाखवतो. ऑफिसातल्या तरुण मंडळींना वाटायचं, सर किती काटेकोर! मी त्यांना कधी खरं कारण सांगितलं नाही. ते इथं सांगतो.

आमच्या गावात लोक दोनच विषयांवर तावातावानं बोलत, एक हवा आणि दुसरा आमच्या शाळेची फुटबॉल टीम. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लंबगोल बॉल हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर बॉल समोरच्यांच्या ताब्यात. प्रत्येक प्रयत्नाला बॉल आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. पुढं तो कुणाच्या हाती द्यायचा की लांब फेकायचा, हे मैदानाबाहेर उभा असलेला कोच ठरवतो, आणि कोचचा निरोप बाकीच्या दहा जणांना सांगतो तो क्वार्टरबॅक. आमचे कोच होते मिस्टर हालोरन. एरवी ते आम्हाला भूगोल शिकवत. बुटका माणूस, चष्मा दोरीनं मानेत अडकवलेला, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला ओरडले तर त्या टोकाचे कावळे उडत. ते बोलत अर्थात इंग्रजीत. मी त्यांना माझ्या मराठीत बोलायला लावतोय, ते मला माफ करतील.

मी नववी-दहावीत असताना रॉब नावाचा मुलगा आमचा क्वार्टरबॅक होता. उंच, देखणा, हातात जादू. त्या दोन वर्षांत टीम जवळपास हरलीच नाही, आणि गाव हालोरनना डोक्यावर घेऊन नाचलं. मग रॉब कॉलेजात गेला, पुढच्या वर्षी टीमनं सपाटून मार खाल्ला, आणि तेच गाव म्हणायला लागलं, जिंकत होता तो रॉब. हालोरन नुसते बाजूला उभे होते. हा वाद आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंतही पोचला. बाबांचे मित्र प्रधानकाका, मूळचे पुण्याचे आणि पेशानं सर्जन, दर रविवारी जेवायला यायचे. वरण-भात, बटाट्याची भाजी, आणि चक्का मिळत नाही म्हणून सावर क्रीमचं केलेलं श्रीखंड.

"कोचचं काय रे त्यात?" काका पुरी मोडत म्हणाले. "क्वार्टरबॅक चांगला निघाला की कोच शहाणा, भिकार निघाला की कोच गाढव. आयत्या बिळावर नागोबा आहे झालं!"

"वा! तुझं ऑपरेशन यशस्वी झालं की श्रेय तुझं, आणि पेशंट दगावला की देवाची इच्छा," बाबा म्हणाले. "तुमच्या धंद्यात बरं आहे."

"यार, तू मुद्दा सोडून बोलतोस."

"मी मुद्द्याचंच बोलून राहिलो." बाबा चिडले की त्यांचं नागपूर बाहेर यायचं. "त्या पोट्ट्याला शिकवलं कोणी?"

"दोघांनी आधी जेवा बघू," आई म्हणाली. "श्रीखंड पातळ होतंय."

मी कान देऊन ऐकत होतो, कारण पुढच्या वर्षीचा क्वार्टरबॅक मी होतो. हे कसं घडलं ते फार गौरवानं सांगण्यासारखं नाही. रॉबनंतर जो मुलगा खेळला त्याच्या वडिलांची बदली झाली, आणि राखीव म्हणून बाकावर बसणारा मी एकटाच उरलो. वासरांत लंगडी गाय शहाणी. हात मात्र माझा बरा होता, कारण बाबांनी अंगणाच्या कुंपणापासून गॅरेजच्या दारावर खडूनं काढलेल्या स्टंपांवर हजारो थ्रो मारून घेतले होते. माझं नाव विनय. टीमनं त्याचं विनी केलं, आणि अर्ध्या गावाला मी इटालियन वाटायचो. बाबा म्हणाले, "इटालियन तर इटालियन, पाढे यायला पाहिजेत."

उन्हाळ्यात कोचनी मला त्यांच्या चालींच्या वहीची झेरॉक्स दिली. प्रत्येक चालीला एक नंबर. तिशीतल्या सगळ्या चाली बॉल घेऊन घुसायच्या, साठीतल्या सगळ्या फेकायच्या. एकूण पंधरा-वीस चाली, प्रत्येकीत अकरा जणांनी कुठून कुठं जायचं ते सगळं क्वार्टरबॅकला तोंडपाठ हवं. "हे पाठ कर," कोच म्हणाले, आणि मला हसू आलं, कारण आमच्या घरात पाठांतराला तोटा नव्हता. बाबांनी वही चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हे तर पाढेच!" त्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर मैदान झालं. मिठाची बाटली म्हणजे मी, वाट्या म्हणजे आमची दांडगी मुलं, आणि लांब दांड्याचा चमचा म्हणजे ग्रेग, आमच्यात सगळ्यात जोरात पळणारा. आई पोळ्या लाटता लाटता नंबर पुकारायची, अर्थातच मराठीत, आणि मी वाट्या सरकवायचो. छत्तीस आणि त्रेसष्ट या चालींसाठी बाबांनी मला खूण करून दिली. कागदावर मोठे मराठी आकडे काढले, ३६ आणि ६३. "हे बघ, छत्तीसचा आकडा. दोघं पाठ फिरवून बसलेत, म्हणजे भांडण. भांडायचं, डोकं खाली घालून घुसायचं. आणि त्रेसष्टमध्ये दोघं समोरासमोर, म्हणजे दोस्ती. मग बॉल दोस्ताला द्यायचा, लांब कोपऱ्यात." आईला चार प्रयत्न आणि दहा यार्ड हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्रेसष्ट म्हटल्यावर चमचा पार टेबलाच्या उजव्या टोकाला जातो हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

इकडे कोच ऑगस्टच्या उन्हात आमच्याकडून त्याच चाली मैदानावर घोटून घेत. एखादी चाल नीट झाली की म्हणत, "छान. आता पुन्हा." बिघडली तरी तेच, फक्त छान नाही. आम्ही त्यांना मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते लिहीत नाही. त्या बहुतेक मराठीत होत्या आणि त्यांचं कर्तृत्व प्रधानकाकांचं.

हंगाम निम्मा जिंकण्यात, निम्मा हरण्यात गेला. शेवटचा सामना उरला तेव्हा जिंकलेले आणि हरलेले सामने अगदी बरोबरीत होते. शाळेच्या बोर्डाचे अध्यक्ष मिस्टर फिंच, गावातले विमा एजंट, न्हाव्याच्या दुकानात सर्वांसमक्ष म्हणाले की हा सामना गेला तर नवा कोच आणावा लागेल. रॉबशिवाय या माणसाला जिंकता येत नाही हे दोन वर्षं दिसलंच आहे. मी तेव्हा शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून केस कापून घेत होतो. अठरा वर्षं ज्या माणसानं त्या मैदानावर घाम गाळला त्याचं पुढं काय होणार, हे माझ्या हातावर अवलंबून होतं. आमच्यासाठी तेवढं ओरडणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मला कोच जायला नको होते. इतकं साधं होतं ते.

आमच्या मैदानाला दिवे नव्हते म्हणून सामने शनिवारी दुपारी होत. त्या दिवशी जमीन दगडासारखी घट्ट झाली होती. आई आल्याच्या चहाचा थर्मास आणि गोधडी घेऊन बसली होती, आणि शेजारी बाबा माकडटोपीत. शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे होतो. जी ओलांडली की सहा गुण मिळतात ती समोरची रेघ वीस यार्डांवर, चौथा प्रयत्न, आणि प्रयत्न पुन्हा मिळवायला फक्त एक यार्ड हवं. अशा वेळी शहाणा माणूस घुसतो. कोचही शहाणेच होते. त्यांनी ग्रेगबरोबर निरोप पाठवला. ग्रेग धावत आला, माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "थर्टी-सिक्स."

इंग्रजीत तीस आधी, सहा नंतर. मराठीत सहा आधी, तीस नंतर, छ-त्तीस. ही उलटापालट एरवी माझ्या डोक्यात इतकी बेमालूम व्हायची की मला पत्ताही लागत नसे. त्या मिनिटाला मात्र ती अर्ध्यावर अडकली. मनात छत्तीस उमटलं, तोंडानं ते मराठी क्रमानंच इंग्रजीत ओतलं, आणि दहा जणांच्या घोळक्यात मी खणखणीत आवाजात म्हणालो, "सिक्स्टी-थ्री." ग्रेगनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पण क्वार्टरबॅकला कुणी प्रश्न विचारत नसतं. सगळे आपापल्या जागी गेले. बॉल माझ्या हातात आला, मी छत्तीससाठी उजवीकडे वळलो, बॉल द्यायला हात पुढं केला, आणि तिथं कुणीच नव्हतं. समोरची अख्खी टीम मात्र माझ्या त्या हाताला फसून मधोमध तुटून पडली. मी मागं सरकलो. काय बिघडलंय ते मला कळलं नव्हतं, पण पायांना सवय होती आणि मान आपोआप लांबच्या कोपऱ्याकडे वळली. तिथं ग्रेग एकटा पळत होता. मी फेकला. ग्रेगनं तो पोटाशी धरला आणि रेघेपलीकडे जाऊन पडला. आम्ही जिंकलो होतो.

कोच धावत आले, माझ्या हेल्मेटची जाळी दोन्ही हातांनी धरली आणि ओरडले, "तुला दिसलं! सगळे मधे गोळा झालेत ते तुला दिसलं!" त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणायला हवं होतं, कोच, मला काही दिसलं नाही. मी नुसती मान हलवली. त्या आठवड्याच्या गावच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर कोचचा फोटो आला. एका यार्डासाठी घुसण्याऐवजी फेकण्याचं धाडस, वर घुसण्याची ती झकास हुलकावणी. हालोरन यांनी रॉबविना आपली बुद्धी सिद्ध केली, असं बरंच काही. मिस्टर फिंच न्हाव्याकडे म्हणाले म्हणे, माणसाला डोकं आहे. कावळा बसला, फांदी तुटली आणि कौतुक कावळ्याचं. मला जेवण जाईना. "पोटात दुखतंय का?" आईनं विचारलं. मी म्हणालो, "नथिंग, आई." खरं सांगितलं असतं तर कोचची नोकरी जाईल आणि बाबांचा चेहरा पडेल, अशी दुहेरी भीती होती. बाबा त्या बातमीचं कात्रण पाकिटात घालून प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवत फिरत होते.

पुढच्या रविवारी दुपारी शाळेच्या कॅफेटेरियात टीमचं जेवण होतं. प्रत्येक घरातून एक पदार्थ आणायचा. आईनं बटाटेवडे केले होते, मिरची अगदी नावाला, आणि आमच्या दांडग्या मुलांनी ते पहिल्या दहा मिनिटांत फस्त केले. त्या गोष्टीचा तिला सामन्यापेक्षा जास्त आनंद झाला. समोरच्या टेबलाशी मिस्टर फिंच आणि बोर्डाची बाकी मंडळी. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, त्यांची बैठक होती. जेवण झाल्यावर कोच उभे राहिले. त्यांनी खिशातून तेच वर्तमानपत्र काढलं, चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि कागद घडी घालून ठेवून दिला.

"हे खरं नाही," ते म्हणाले. "मी छत्तीस सांगितली होती. विनीनं गर्दी पाहून चाल बदलली. हुलकावणीही त्याचीच. मी त्या वेळी डोक्याला हात लावून उभा होतो. ज्याचं त्याला मिळायला हवं."

टाळ्या पडल्या. बाबांनी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की मला ठसका लागला. पण मी फिंचसाहेबांकडे पाहत होतो. ते शेजारच्या बाईंकडे वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "पाहा, पुन्हा क्वार्टरबॅकच." माझ्या लक्षात आलं, आठ दिवस मी ज्याला घाबरून गप्प बसलो होतो तेच होऊ घातलं होतं, आणि ते एका खोट्या गोष्टीवरून. या माणसानं स्वतःची जागा पणाला लावून मला जे दिलं होतं ते माझं नव्हतंच. मी उभा राहिलो.

"मी काहीही बदललं नाही," मी म्हणालो. "मी चुकलो. मी मनात मराठीत मोजतो. आमच्या भाषेत थर्टी-सिक्स म्हणताना सिक्स आधी येतो. मला छत्तीसच म्हणायची होती, तोंडातून त्रेसष्ट निघाली. ती हुलकावणी नव्हती, मी खरंच छत्तीस खेळत होतो. बाकीचे दहा जण त्रेसष्ट खेळत होते." मुलं हसायला लागली, ग्रेगनं तर टेबलावर डोकं ठेवलं. मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर रडलो असतो. "काय चाललंय ते मला कळतही नव्हतं. तरी ग्रेग बरोबर कोपऱ्यात पोचला आणि बॉलही बरोबर कोपऱ्यात गेला. कारण कोचनी ती चाल आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतली होती, की ती चुकूनसुद्धा बरोबरच झाली. रॉबला दिसायचं. मला नाही दिसलं. मला शिकवलेलं होतं."

हशा थांबला. मिस्टर फिंच थोडे गोंधळले, थोडे चिडले. "मग आता या चुकीसाठी आम्ही धरायचं कुणाला?" त्यांनी विचारलं.

आणि बाबा उभे राहिले. अकरा वर्षं आम्ही त्या गावात होतो, पण प्रयोगशाळेबाहेर बाबा कधी चारचौघांत इंग्रजी बोलले नव्हते, बँकेतल्या बाईंनी एकदा "पार्डन?" म्हटलं की ते पुढचं सगळं गिळून टाकत. शाळेच्या पालकसभेतही आईला पुढे करत. ते दीडशे माणसांसमोर कोटाचं बटण लावून उभे राहिले आणि ठासून, व्याकरणशुद्ध, नागपुरी इंग्रजीत म्हणाले, "सर, मुलाचे आकडे हे माझं खातं आहे. चुकीसाठी मला धरा. पण चेंडू कोपऱ्यात गेला, ते कोचसाहेबांचं खातं आहे. त्यासाठी त्यांना धरून ठेवा." एवढं बोलून ते बसले आणि आईला हळूच विचारलं, "बरोबर बोललो न?" आई मान हलवते तोच आधी कोच उठून टाळ्या वाजवायला लागले, मग ग्रेग, मग सगळा कॅफेटेरिया. मी त्या हंगामात जे जे फेकलं त्यातल्या कशाचाही मला बाबांच्या त्या चार वाक्यांइतका अभिमान वाटत नाही.

मंगळवारी भूगोलाचा तास संपल्यावर कोचनी मला थांबवलं. नकाशा गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, "कॉलेजला जाण्याआधी ऑगस्टमध्ये पंधरा दिवस मोकळा आहेस का? पुढच्या वर्षीच्या मुलाला त्रेसष्ट शिकवायचीय." म्हणजे पुढच्या वर्षीही कोच तेच होते. मग मी "येस, कोच" म्हणालो आणि बसची वाट न पाहता घरापर्यंत पळत गेलो.

आई फ्रिजसमोर उभी होती, बाबा नुकतेच कामावरून आले होते. "कोच राहिले," मी दारातूनच सांगितलं. आईनं डबा उघडला आणि चांगल्या बातमीला आमच्याकडे करतात तसं माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली, बाबांच्या हातावर ठेवली, स्वतः खाल्ली. "आणि ज्यांची बातमी ते?" बाबा म्हणाले. त्यांनी काढलेला कोट पुन्हा घातला. आम्ही तिघं साखरेची वाटी घेऊन गाडीत बसलो. संध्याकाळ व्हायची होती, बर्फ भुरभुरत होतं, आणि वाटी सांडू नये म्हणून आईनं वर पदर धरला होता. कोचनी दार उघडलं ते पायात लोकरीच्या सपाता आणि हातात पेपर तपासायची लाल पेन्सिल घेऊन. आम्हा तिघांना पाहून ते काही बोलणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "कोच, हात पुढे करा." आयुष्यभर इतरांना काय करायचं ते ओरडून सांगणाऱ्या त्या माणसानं पेन्सिल खिशात ठेवली, आणि का म्हणून न विचारता हात पुढे केला.